माळ्यावरचा कॉम्प्युटर बोलू लागतो तेव्हा

दिवाळीची आवराआवर काढली की माळ्यावरून काय काय खाली येते, ते मी तुम्हाला सांगायला नको. कान तुटलेले पातेले, मुलांचा पाळणा, अहेरात आलेला आणि एकदाही न वापरलेला डिनर सेट! आणि हल्ली या मंडळींच्या जोडीला आणखी एक पाहुणा असतो, तो म्हणजे जुना कॉम्प्युटर. मुलगा आठवीत असताना मोठ्या हौसेने घेतलेला. आता त्याला कोणी विचारीत नाही. 'फार हळू चालतो', 'मध्येच अडकतो', 'पडद्यावर रेघा येतात' अशा तक्रारी त्याच्या नावावर जमा झालेल्या असतात. भंगारवाला हातात टेकवील ते घेऊन आपण मोकळ्या होतो.

मैत्रिणींनो, भंगारवाल्याला हाक मारण्याआधी जरा थांबा. आपल्या नात्यात, बिल्डिंगमध्ये, मुलांच्या शाळेत ज्याला दिसत नाही असे कोणी आहे का, ते आठवून बघा. पडद्यावर रेघा आलेला कॉम्प्युटर तुमच्या-माझ्या कामाचा नाही हे खरे. पण ज्याला पडदा पाहायचाच नाही, त्याचे त्या रेघांवाचून काय अडणार आहे?

तुम्ही म्हणाल, "अहो बाई, ज्याला दिसत नाही तो कॉम्प्युटर कसा चालवणार? आणि त्यावर इंटरनेट म्हणजे तर नुसती चित्रेच चित्रे!" प्रश्न रास्त आहे. म्हणूनच आज पाककृती आणि विणकाम थोडे बाजूला ठेवून या विषयावर चार गोष्टी सांगते.

न बघता वाचायचे कसे?

पडद्यावर जे लिहिलेले असते ते मोठ्याने वाचून दाखवणारा एक प्रोग्रॅम असतो. त्याला स्क्रीन रीडर म्हणतात. हा प्रोग्रॅम चालू असला की माउसला हातही लावावा लागत नाही. सगळा कारभार की-बोर्डवर. कळ दाबली की उत्तर कानात. तुमच्या की-बोर्डवर इंग्रजी एफ आणि जे या दोन कळांवर बोट फिरवून पाहा. बारीकशी रेघ हाताला लागेल. न बघता टाइप करणाऱ्याची बोटे त्या खुणेवरून आपली जागा ओळखतात. म्हणजे न बघता लिहिण्याची सोय प्रत्येक की-बोर्डवर आधीपासून आहेच. आपले लक्ष कधी गेले नव्हते, इतकेच.

आता वाचण्याचे. तुम्ही हे साप्ताहिक उघडता तेव्हा पहिल्या पानापासून ओळीने थोडेच वाचता? मथळ्यांवरून नजर फिरवता आणि हवे त्या पानावर थांबता. दृष्टिहीन वाचकही तसेच करतो, फक्त नजरेऐवजी बोटाने. इंटरनेटच्या पानावर एच ही कळ दाबली की पुढचा मथळा वाचला जातो. के दाबली की पुढची लिंक, बी दाबली की बटण, ई दाबली की लिहायची चौकट. आवाज नकोसा झाला की कंट्रोल दाबायचे, गप्प बसतो बिचारा! सराव झालेली माणसे हा आवाज इतक्या वेगाने ऐकतात की आपल्याला एक शब्दही कळू नये.

या सोयीमागे ज्यांनी कष्ट घेतले, त्यांतले कितीतरी जण स्वतःच दृष्टिहीन आहेत. अमेरिकेचे टेड हेंटर हे मोटरसायकलच्या शर्यतीत उतरणारे गृहस्थ. १९७८ मध्ये मोटारीच्या अपघातात त्यांची दृष्टी गेली. पुढे त्यांच्या कंपनीने 'जॉज' हा स्क्रीन रीडर काढला. त्याची पहिली आवृत्ती १९८९ ची. जॉज आजही नावाजलेला आहे, पण तो विकत घ्यावा लागतो आणि त्याची किंमत सामान्य घराला जड जाते.

ही किंमत परवडत नाही म्हणून कोणी मागे राहू नये, असे ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन या दृष्टिहीन तरुणाला वाटले. त्याने २००६ मध्ये 'एनव्हीडीए' नावाचा स्क्रीन रीडर लिहायला घेतला. जेम्स तेह हा त्याचा मित्रही दृष्टिहीन. लहानपणी संगीताच्या शिबिरात दोघांची ओळख झाली होती. दोघांनी मिळून संस्था काढली आणि हा प्रोग्रॅम जगाला फुकट दिला. आज मी तुम्हाला जे सांगणार आहे, ते मुख्यतः याच एनव्हीडीएच्या भरवशावर.

आणि एक नाव आपल्या पुण्याचे. टी. व्ही. रामन यांचा जन्म पुण्यातला. काचबिंदूमुळे चौदाव्या वर्षी त्यांची दृष्टी पूर्ण गेली. तरी वाडिया कॉलेजातून गणित घेऊन ते पदवीधर झाले, मुंबईच्या आयआयटीत शिकले आणि अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात १९९४ मध्ये डॉक्टरेट मिळवली. गणिताची अवघड सूत्रे कॉम्प्युटरने नीट बोलून कशी दाखवावीत, हाच त्यांच्या प्रबंधाचा विषय. १९९५ मध्ये त्यांनी 'इमॅकस्पीक' हा बोलणारा प्रोग्रॅम सर्वांसाठी खुला केला. तो चित्रांच्या भानगडीत न पडता नुसत्या अक्षरांवर काम करतो, म्हणून बेताच्या ताकदीच्या कॉम्प्युटरलाही झेपतो. एखाद्या आईला तिच्या दृष्टिहीन मुलाबद्दल कोणी "याचं पुढं कसं होणार हो?" असे विचारले, तर तिला रामन यांचे नाव सांगा.

माझा या विषयाशी संबंध

मी काही कॉम्प्युटरची तज्ज्ञ नाही. घर सांभाळून दुपारी तीन तास शाळेत शिकवते. पण आमचे मामेसासरे (आम्ही त्यांना मामाच म्हणतो) कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले आणि त्यानंतर दोन-तीन वर्षांत काचबिंदूने त्यांची दृष्टी नेली. अक्षर मोत्यासारखे, रोज दोन वर्तमानपत्रे वाचल्याशिवाय चहा गोड न लागणारा हा माणूस खुर्चीत नुसता बसून राहू लागला.

घरात प्रेमाची कमतरता नव्हती. मामी रोज पेपर वाचून दाखवत. पण त्यांना स्वयंपाकही करायचा असे, त्यामुळे मथळ्यांवर भागे. बँकेचे पत्र आले की शेजारच्या मुलाला हाक. पैशाच्या व्यवहाराचा गुप्त आकडा मोबाईलवर आला की तो कोणीतरी मोठ्याने वाचायचा, म्हणजे गुप्त कसला? लेक परदेशी. तिची पत्रे ई-मेलने येत. ती आधी जावई वाचे, मग मामी, मग कोणाला सवड झाली की मामांना ऐकवली जात. एकदा मामा मला म्हणाले, "सूनबाई, माझ्या लेकीचं पत्र मला सगळ्यांच्या शेवटी कळतं. आणि त्यात तिनं मला एकट्याला काही लिहावं, असं तिला वाटतच नाही आता."

हे वाक्य माझ्या मनातून जाईना. आपण आजारी माणसाला, म्हाताऱ्या माणसाला हात देतो, वाचून दाखवतो, आणि आपल्या मदतीत काही उणे आहे हे आपल्या लक्षातच येत नाही. पोटभर जेवण दिले, पण स्वतःच्या हाताने घास घेण्याचा आनंद काढून घेतला, असेच की हो ते!

मामांच्याच घरात एक जुना कॉम्प्युटर कापड टाकून ठेवलेला होता. आमच्या ह्यांनी आणि मी मिळून त्यावर एनव्हीडीए बसवले. पहिले चार दिवस मामा वैतागले. "हा काय परग्रहावरचा माणूस बोलतोय!" म्हणाले. पंधरा दिवसांत कळा सापडू लागल्या. दोन महिन्यांनी त्यांनी लेकीला स्वतः पत्र टाइप केले. शुद्धलेखनाच्या चुका होत्या त्यात, पण मामींनासुद्धा ते न दाखवता पाठवले. लेकीचे उत्तर त्याच रात्री आले. काय होते, ते आम्हाला कोणालाच ठाऊक नाही. तेच तर हवे होते!

जुन्या कॉम्प्युटरची डागडुजी

आता कामाचे बोलू. जुना कॉम्प्युटर इंटरनेटवर रडतो, कारण आजची पाने जड झाली आहेत. जाहिराती, हलती चित्रे, व्हिडिओ असे सगळे एकदम अंगावर येते. त्यात स्क्रीन रीडरला त्या पानातला मजकूर आपल्यापाशी वेगळा मांडून घ्यावा लागतो. म्हणून आपल्याला पान दिसू लागले तरी आवाज यायला वेळ लागतो. तेव्हा ओझे कमी करायचे आणि अंगात ताकद घालायची, असे दोन्हीकडून प्रयत्न करावे लागतात.

१. आधी दुरुस्तीवाल्याकडून धूळ साफ करून घ्या. मेमरी म्हणजे रॅम वाढवता येते का आणि जुन्या हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसते का, ते विचारा. कित्येक जुन्या कॉम्प्युटरना एवढ्याने तरतरी येते. भाव मात्र दोन-तीन ठिकाणी काढा, भाजी घेताना काढतो तसा.

२. कोणते विंडोज आहे ते बघा. एनव्हीडीएची अगदी ताजी आवृत्ती जुन्या विंडोजवर चालत नाही. विंडोज एक्सपी किंवा व्हिस्टा असेल तर २०१७.३ ही आवृत्ती शेवटची. विंडोज सात असेल तर २०२३.३ च्या मालिकेपर्यंत थांबावे लागते. एनव्हीडीए फुकट आहे, त्यामुळे कोणी पैसे मागू लागला तर देऊ नका.

३. एनव्हीडीए पेन ड्राइव्हवरही ठेवता येते. त्याच्या मेनूत टूल्समध्ये 'पोर्टेबल कॉपी' करण्याची सोय आहे. मग भाच्याच्या घरी, वाचनालयात, कोणाच्याही विंडोजच्या कॉम्प्युटरला तो पेन ड्राइव्ह लावला की आपला आवाज आपल्याबरोबर.

४. जाहिराती अडवणारा प्रोग्रॅम ब्राउझरमध्ये घाला. चित्रे बंद ठेवा. फायरफॉक्स असेल तर लेख वाचताना एफ ९ दाबून बघा. बऱ्याच पानांवर आजूबाजूचा पसारा जातो आणि नुसता लेख उरतो. एका वेळी एकच पान उघडायचे. गॅसच्या चारही शेगड्या एकदम पेटवल्या की घाई होते, तसेच हे.

५. की-बोर्डवरच्या इन्सर्ट कळेवर एक खड्याची टिकली चिकटवा. एनव्हीडीएच्या बहुतेक आज्ञा या कळेबरोबर द्यायच्या असतात, आणि ती बोटाला चटकन सापडत नाही. इन्सर्ट आणि १ एकदम दाबले की शिकण्याची सोय सुरू होते. मग जी कळ दाबावी तिचे नाव ऐकू येते आणि काही बिघडत नाही. पहिला आठवडा एवढाच खेळ पुरे.

६. विंडोज अजिबात झेपत नसेल तर 'लिनक्स' हा फुकट मार्ग आहे. त्यातल्या डेबियनची बसवणीसुद्धा बोलते. सुरुवातीच्या यादीवर एस आणि एंटर दाबले की पुढची प्रत्येक पायरी वाचून दाखवते. 'ऑर्का' हा त्यातला स्क्रीन रीडर. हे काम मात्र जाणत्या मुलाकडून करून घ्या. फार जुन्या, ३२ बिटच्या कॉम्प्युटरसाठी २०२५ मध्ये आलेल्या तेराव्या डेबियनमध्ये बसवणीची सोय ठेवलेली नाही, हेही त्याला सांगा.

एक ताकीद देते, ती विसरू नका. विंडोज सातची सुरक्षेची मोफत डागडुजी जानेवारी २०२० मध्ये थांबली आणि विंडोज दहाची नेहमीची मोफत डागडुजी १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली. कडी मोडलेल्या दारातून दागिने ठेवायला कोणी जात नाही. तसे जुन्या विंडोजवर बँकेचे व्यवहार करू नयेत. वाचन, पत्र, अभ्यास यांसाठी तो वापरावा. पैशाचे काम डागडुजी चालू असलेल्या यंत्रावर किंवा मोबाईलवर करावे. अँड्रॉइड मोबाईलमध्ये 'टॉकबॅक' नावाचा वाचणारा आवाज असतोच. हेडफोन लावला की बँकेचा गुप्त आकडा ज्याचा त्यालाच ऐकू येतो.

"मग सगळे मोबाईलवरच का नाही?" असे तुम्ही विचाराल. चार ओळींचा निरोप असेल तर मोबाईल उत्तम. पण लांब पत्र, कॉलेजचा निबंध, हिशेबाचे तक्ते यांना खऱ्याखुऱ्या कळांचा की-बोर्डच बरा. नोकरीसाठी तर कॉम्प्युटर यावाच लागतो.

आपल्या मराठीचे काय?

एनव्हीडीएबरोबर 'ईस्पीक' नावाचा आवाज येतो, त्यात मराठीही आहे. आवाज यंत्रासारखा आहे, गोड नाही. पण तो अंगाने इतका हलका की जुन्यातला जुना कॉम्प्युटरही त्याला थकत नाही. लता मंगेशकरांचा गळा नाही, पण बातमी कळते!

खरी अडचण वेगळीच आहे. मराठी टाइप करण्याच्या दोन तऱ्हा आहेत. युनिकोडमध्ये टाइप केलेला 'क' हा कॉम्प्युटरच्या दृष्टीनेही 'क'च असतो. जुन्या फाँटमध्ये मात्र कॉम्प्युटरच्या पोटात इंग्रजी अक्षरे असतात आणि त्यांना वरून फक्त मराठीचा पोशाख चढवलेला असतो. आपल्याला पोशाख दिसतो, म्हणून आपण खुशाल वाचतो. स्क्रीन रीडरला पोशाख दिसत नाही. तो पोटातली इंग्रजी अक्षरे वाचतो आणि ऐकणाऱ्याच्या कानी नुसता कचरा पडतो.

याची परीक्षा सोपी आहे. मजकुराची एक ओळ कॉपी करून ई-मेलमध्ये चिकटवा. मराठीच राहिली तर युनिकोड. इंग्रजी अक्षरांची खिचडी झाली तर जुना फाँट. तुमच्या महिला मंडळाचे अहवाल, सोसायटीचे कागद, शाळेच्या प्रश्नपत्रिका कशात टाइप होतात ते एकदा बघा. टाइप करणाऱ्याला "युनिकोडमध्ये कर" एवढे सांगण्यात पैसाही पडत नाही.

आपल्या हातातले

आणि आता थोडे आपल्याकडे बघू. व्हॉट्सअॅपच्या गटावर हळदीकुंकवाचे आमंत्रण आपण कसे पाठवतो? फुलाफुलांच्या चौकटीत, सुंदर अक्षरांत, पण चित्र म्हणून! स्क्रीन रीडर त्यावर "फोटो" म्हणतो आणि पुढे जातो. कधी, कुठे, किती वाजता, काही कळत नाही. त्या चित्राखाली दोन ओळी टाइप केल्या की काम झाले. शाळेच्या सूचनांचेही तेच. मी शिकवते तिथे पालकांच्या सूचना कागदावर लिहून, त्याचा फोटो काढून पाठवत. एका विद्यार्थिनीची आई दृष्टिहीन आहे, तिला सहलीचे पैसे भरायची तारीख कळली ती मुदत टळल्यावर. लेकीसमोर आईला "कोणी सांगितलंच नाही मला" असे म्हणावे लागले, हे बरे दिसले नाही. आता सूचना टाइप होऊन जातात. त्याने शाळेचा खर्च एका पैशानेही वाढलेला नाही.

जे आपण घरगुती पातळीवर करायचे, तेच मोठ्यांनीही करायचे असते. इंटरनेटची पाने सर्वांना वापरता यावीत म्हणून १९९९ मध्ये जागतिक मार्गदर्शक तत्त्वे निघाली. चित्रामागे त्याचे वर्णन लिहा, बटणाला नाव द्या, सगळे काम की-बोर्डने होऊ द्या, अशी त्यांतली साधी कलमे. आपल्या देशात २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात या सोयींचा समावेश आहे. ३० एप्रिल २०२५ रोजी तर सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितले की अशा सेवा वापरता येणे हा घटनेच्या एकविसाव्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे. बँकेत ओळख पटवण्याची ऑनलाइन रीतही दृष्टिहीनांना करता येईल अशी हवी. म्हणजे ही मेहेरबानी नव्हे, हक्क आहे. एखाद्या कचेरीचे पान वाचता येत नसेल तर तक्रार जरूर करावी, आणि ती लिहून द्यावी.

वाचनाची हौस असलेल्यांसाठी २०१६ मध्ये सुरू झालेले 'सुगम्य पुस्तकालय' आहे. छापील पुस्तक वाचू न शकणाऱ्यांना तिथे सदस्य होता येते. पुस्तक एकदा उतरवून घेतले की इंटरनेट बंद असले तरी कॉम्प्युटर ते वाचून दाखवतो. जुन्या कॉम्प्युटरला यासारखे सोपे काम नाही.

शिकवताना एवढे सांभाळा

घरच्या माणसाला शिकवायला बसलात तर पहिला नियम असा, की-बोर्ड त्यांच्या हातातून ओढून घ्यायचा नाही. "थांबा, मी करून देते" हे शब्द तोंडात येतील, ते गिळा. दुसरा नियम, रोज वीस मिनिटेच. तिसरा, कॉम्प्युटर, हेडफोन, पेन ड्राइव्ह यांच्या जागा ठरवा आणि झाडताना-पुसताना हलवू नका. चौथा, 'इकडे बघा, तिकडे दाबा' असे न म्हणता कळेचे नाव घ्या. आणि पाचवा सर्वांत महत्त्वाचा: ते त्यांचे पत्र वाचत असतील तर उठून आत जा.

एवढे सगळे एकदम जमणार नाही, हे मलाही कळते. म्हणून या आठवड्यापुरते एकच करा. येणारे पहिले आमंत्रण किंवा सूचना चित्राबरोबर दोन ओळी टाइप करून पाठवा. आणि माळ्यावर कॉम्प्युटर असेलच, तर तो खाली काढून, फडक्याने पुसून, चालू तरी होतो का ते बघा. चालू झाला तर कोणाचे तरी पत्र त्याची वाट पाहत असेल.